माशापेक्षा दोन फूट लहान

‘द ओल्ड मॅन अँड द सी’ न वाचताही ती आपल्याला माहीत असते. पराभवाबद्दलचं त्यातलं ते एक वाक्य स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर असतं, जिममध्ये आरशाच्या वर असतं आणि कुठला निकाल लागला की कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला असतंच. मागे बहुतेक वेळा मावळतीचा सूर्य, सोनेरी पाणी, त्यावर एक होडी आणि होडीत एकटा माणूस. चित्र बनवणाऱ्याने ती होडी इंटरनेटवरून कुठूनही उचललेली असते. कधी ती काश्मीरचा शिकारा असते, कधी केरळची वळवलेल्या टोकाची नाव. कुणाचं काही अडत नाही, कारण लक्ष माणसाकडे आहे.

मला बोलायचं आहे ते त्या होडीबद्दल. माझं म्हणणं असं की हेमिंग्वेच्या या पुस्तकात माणूस विरुद्ध मासा हा सामना जितका आहे, त्याहून जास्त हा एका होडीच्या लांबीचा हिशेब आहे. म्हातारा सांतियागो मासा पहिल्यांदा नीट पाहतो तेव्हा त्याच्या मनात शौर्य, नियती वगैरे काही येत नाही. तो माप घेतो. मासा होडीपेक्षा दोन फूट लांब आहे. शेवटच्या पानांत किनाऱ्यावरचा एक कोळी दोरी लावून सांगाडा मोजतो, तो नाकापासून शेपटीपर्यंत अठरा फूट भरतो. म्हणजे होडी सोळा फुटांची. पुस्तकात जे जे वाईट घडतं, ते या दोन फुटांमध्ये घडतं.

हे मला कुठल्या समीक्षाग्रंथात सापडलं नाही. माझ्या मामाने विचारलेल्या प्रश्नात सापडलं. मामा एसटीत कंडक्टर होता आणि सुट्टीच्या दिवशी देवगडच्या खाडीत गरवायला जायचा. गरी म्हणजे गळ, आणि गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. रापण लावणाऱ्या किंवा ट्रॉलरवर जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे गरवणारा म्हणत नाहीत. त्याची स्वतःची लाकडी होडी होती, दोन माणसं आणि एक टोपली मावेल एवढी. पावसाआधी ती वर ओढायची, तेल द्यायचं, झापांनी झाकायची, हे सगळं तो पोटच्या मुलीचं करावं तसं करायचा. मामी म्हणायची की त्या होडीवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात आयुष्यभर बाजारातून तांबोशी आणून खाल्ली असती. तर बारावीत असताना मी हे पुस्तक वाचलं आणि भारावून जाऊन त्याला गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, पंच्याऐंशीव्या दिवशी एवढा मोठा मासा लागला, इथपर्यंत आल्यावर त्याने मला थांबवलं.

‘‘होडी केदी गो?’’

मी म्हणाले, लहानच. मासा होडीपेक्षा मोठा होता.

‘‘मगे तो होडयेत घालतलो कसो?’’ आणि थोडं थांबून, ‘‘बरोबर कोण नाय होतो?’’

पुढची गोष्ट त्याने जवळजवळ माझ्याआधीच सांगितली. मासा बाजूला बांधावा लागणार, रक्त पाण्यात सांडणार, मोरी येणार. मोरी म्हणजे शार्क. आणि एकट्या माणसाला एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने काय काय करता येणार? मला धक्का बसला होता. जे मला शोकांतिका वाटलं होतं ते त्याला व्यवहार वाटलं. होडी लहान आणि माणूस एक, मग हेच होणार.

त्यानंतर मी पुस्तक पुन्हा वाचलं, आणि मग पुन्हा. होडीवर नजर ठेवून वाचलं की ते वेगळंच पुस्तक होतं.

एक उदाहरण घ्या. मासा गळाला लागल्यावर तो होडीला ओढत नेऊ लागतो. म्हातारा दोरी पाठीवरून घेऊन धरून ठेवतो. एक दुपार, एक रात्र, पुढचा पूर्ण दिवस, आणखी एक रात्र. हात कापले जातात, डाव्या हाताला पेटका येतो. शाळेत हे आपल्याला सहनशक्तीचं उदाहरण म्हणून शिकवतात. पण दोरी होडीला बांधून म्हातारा निवांत का बसत नाही? त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. बांधलेली दोरी माशाने हिसका दिला की तुटते. दोरीला कुणीतरी थोडं सैल द्यावं लागतं, पुन्हा ताणावं लागतं. हौशी माणसाच्या महागड्या सामानात हे काम रीळ करतं. त्याच्या आत ब्रेक असतो, ठरावीक ताणानंतर दोरी आपोआप सुटते. सांतियागोकडे रीळ नाही. म्हणून त्याची पाठ हेच रीळ आहे. तो सोसतो आहे, कारण त्याच्याकडे एक यंत्र नाही. हे एकदा लक्षात आलं की त्या जखमांकडे नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही.

किंवा हत्यारांची यादी पाहा. पहिला शार्क येतो तो हार्पून आणि त्याची दोरी घेऊन बुडतो. मग म्हातारा वल्ह्याच्या टोकाला सुरी बांधतो. सुरीचं पातं मोडतं. मग सोटा, आणि तो सोटाही काय, तर तुटलेल्या वल्ह्याचा कापून ठेवलेला दांडा. तोही जातो. शेवटी अंधारात तो सुकाणूचा दांडा उपसून मारतो आणि तो मोडतो, तेव्हा मोडक्या टोकाने भोसकतो. म्हणजे हा माणूस टप्प्याटप्प्याने आपली होडीच सुटी करून शार्कवर फेकतो आहे. एक माणूस लढतो आहे असं आपण म्हणतो, पण झिजते आहे ती होडी. आणि हे सगळं संपल्यावर, मासा गेल्यावर, त्या काळोखात तो तपासतो काय? होडी धड आहे ना. आहे, सुकाणूचा दांडा तेवढा गेला, तो नवा बसवता येईल. इतकं कोरडं, इतकं मालकाचं वाक्य या गाजलेल्या पुस्तकाच्या अगदी टोकाला आहे, आणि ते कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

भिंतीवरच्या वाक्याचंही जरा पाहूच. ते म्हातारा म्हणतो केव्हा? पहिल्या शार्कनंतर. तेव्हा माशाचं चाळीसेक पौंड मांस गेलेलं आहे, हार्पून गेलेलं आहे, पण बहुतेक मासा शाबूत आहे. म्हणजे हे वाक्य लढाईच्या सुरुवातीचं आहे. थोड्या पानांनी, रात्री, तोच माणूस मनाशी मान्य करतो की आपण हरलो, कायमचे, आणि त्याला इलाज नाही. किनाऱ्यावर मुलालाही तो हेच सांगतो, काहीही न सजवता. आणि कारणही सांगतो: फार लांब गेलो. ज्याने ते वाक्य म्हटलं त्यानेच ते मागे घेतलं, आणि आपण मागे घेतलेलं वाक्य छापून लावतो. रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना पुस्तकाने खरं तर हे दुसरं सांगितलेलं आहे. लांब जाताना होडी किती फुटांची आहे ते बघा. बरोबर कोण आहे ते बघा.

मग डोलकाठी. पुस्तकाच्या शेवटी म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, पडतो, उठतो, वाटेत पाच वेळा बसतो. हा क्रूस आहे, सांतियागो हा ख्रिस्त आहे, असं जगभरच्या वर्गांमध्ये सांगितलं जातं आणि हेमिंग्वेने तसं सुचवलेलंही आहे, ते मी नाकारत नाही. फक्त पुस्तकाची पहिली पानं उघडा. तिथेही तो हीच डोलकाठी खांद्यावर घेऊन घरी जातो, मुलगा बाकीचं सामान घेतो. रोजच. का, तर शीड आणि दोऱ्या दवाने खराब होतात, आणि गावातलं कुणी चोरणार नसलं तरी गॅफ नि हार्पून होडीत ठेवून लोकांना मोह कशाला पाडा. घरी गेल्यावर डोलकाठी भिंतीला टेकते आणि ती त्या एका खोलीइतकीच लांब असते. लहान होडीचा मालक होडी पाण्यात ठेवत नाही, तिचा अर्धा भाग घरात आणून झोपतो. शेवटी मरणाचा थकलेला असताना तो काठी खांद्यावर घेतो तेव्हा त्यात ख्रिस्त असेलही, पण आधी सवय आहे. माझ्या मामाचं वल्हं पडवीत असायचं. त्याला कुणी ख्रिस्त म्हणालं नाही.

आता लेखकाची होडी. हेमिंग्वे स्वतः गळाने मोठे मासे पकडणारा हौशी माणूस होता, आणि १९३४ मध्ये त्याने ब्रुकलिनच्या व्हीलर शिपयार्डमधून ‘पिलार’ नावाची ३८ फुटांची बोट घेतली. किंमत ७,४९५ डॉलर. त्यातले काही पैसे ‘एस्क्वायर’ मासिकाच्या संपादकाने पुढच्या लेखांपोटी आगाऊ दिले होते. बोटीला दोन इंजिनं होती, एक मोठं आणि एक सावकाश चालत गळ ओढण्यासाठी लहान. बोटीची मागची कड त्याने मुद्दाम खाली करून घेतली आणि तिच्यावर लाकडी रूळ बसवून घेतला. कशासाठी? मोठा मासा सहज आत ओढून घेता यावा म्हणून! मामाच्या प्रश्नाचं उत्तर हेमिंग्वेला ठाऊक होतं, आणि ते त्याने पैसे मोजून विकत घेतलं होतं.

थोडी आकडेमोड करू. म्हातारा मासा बाजूला बांधून परत निघतो तेव्हा हिशेब करतो. दीड हजार पौंडांहून जास्त वजन, त्यातलं दोन तृतीयांश मांस, पौंडाला तीस सेंट. पेन्सिल हवी होती, असं त्याला वाटतं. आपण करून टाकू: ३०० डॉलर. म्हणजे ‘पिलार’ घ्यायला सांतियागोला असे पंचवीस मासे लागले असते, अख्खे, एकाही शार्कने न चाखलेले. दोन्ही किमती वेगवेगळ्या वर्षांच्या आहेत, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही. पण दोन होड्यांमधलं अंतर कळायला एवढं पुरे.

‘पिलार’वर हेमिंग्वे एकटा कधी नसे. आधी कार्लोस गुतिएरेझ, पुढे ग्रेगोरिओ फ्वेन्तेस हे क्यूबात राहणारे मुरलेले दर्यावर्दी तिच्यावर होते. गोष्ट मुळात कार्लोसकडून आली. १९३६ च्या एप्रिलमध्ये ‘एस्क्वायर’मध्ये हेमिंग्वेने एक लेख लिहिला, त्यात ती एका परिच्छेदात आहे: एका म्हाताऱ्या कोळ्याच्या लहान होडीला मोठा मार्लिन लागला, त्याने होडी लांब ओढून नेली, शार्कांनी मासा खाल्ला, आणि दोन दिवसांनी बाकीच्या कोळ्यांना तो सापडला तेव्हा तो होडीत बसून रडत होता, नुकसानीने अर्धा वेडा झाला होता. मासा अर्ध्याहून कमी उरला होता, तरी त्याचं वजन आठशे पौंड भरलं.

सोळा वर्षांनी त्याची कादंबरिका झाली तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक, म्हाताऱ्याला कुणी वाचवत नाही, तो स्वतःच्या शिडावर स्वतः परत येतो. दोन, तो रडत नाही. रडणं मुलाकडे गेलं. मला हे बदल कलेच्या दृष्टीने पटतात, मुलाचं रडणं पुस्तकातल्या सर्वांत खऱ्या जागांपैकी आहे. पण या बदलांनी काय पुसलं गेलं तेही पाहायला हवं. मूळ घटनेत दुसऱ्या होड्या होत्या. त्यांनी त्याला शोधलं आणि आणलं. गरिबाचं नुकसान झालं की तो रडतो, आणि शेजारचे त्याला घेऊन येतात, हे मूळ गोष्टीचं हाड होतं. त्या जागी एकट्या पुरुषाचा ताठपणा आला. ही किंमत होती, आणि ती किंमत ‘पिलार’वर राहणाऱ्या माणसाने ठरवली.

तरी हेमिंग्वेवर मी ढोंगाचा आरोप करणार नाही. १९३९ मध्ये त्याने आपल्या संपादकाला पत्रात कळवलं होतं की ही गोष्ट नीट जमावी म्हणून आपण कार्लोसबरोबर त्याच्या लहान होडीतून जाणार आहोत. जो माणूस शार्कवर बंदुकीने गोळ्या झाडायचा (आणि १९३५ मध्ये एकदा शार्क मारण्याच्या नादात स्वतःच्याच दोन्ही पायांत गोळी मारून बसला), त्याला कळत होतं की आपल्या बोटीतून ही गोष्ट दिसणार नाही. पुस्तकात होडीबद्दल एकही खोटा तपशील मला सापडलेला नाही, ते बहुधा यामुळेच. आणि एक जागा तर अशी आहे जिथे तो होड्यांच्या मालकीवर सरळ बोट ठेवतो. तरुण कोळी, ज्यांनी शार्कच्या यकृताला चांगला भाव होता तेव्हा मोटरबोटी घेतल्या, ते समुद्राला स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणतात, प्रतिस्पर्धी समजतात. म्हातारा स्त्रीलिंगी म्हणतो. इंजिन आलं आणि समुद्राचं लिंग बदललं! हे वाक्य मराठीत कसं आणायचं हा मोठाच पेच आहे, कारण आपला समुद्रही पुरुष आणि दर्याही पुरुष.

हौशी गळवाल्यांच्या जगाचा आणखी एक नियम इथे आठवतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था १९३९ मध्ये निघाली, हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता. विक्रम नोंदवायचा तर मासा लागल्यापासून तो जवळ येईपर्यंत काठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. न्याय्य वाटतं. पण बोट चालवणाऱ्याचे हात मोजले जात नाहीत. मासा ज्या दिशेने पळेल तिकडे बोट वळवणारा, इंजिन मागेपुढे करणारा तो माणूस नोंदीत येत नाही. फोटोत येतो एक माणूस, एक काठी, एक मासा. आजच्या मासेमारीच्या रील पाहा, तोच फोटो हलतो आहे. कयाकवाला मासा कॅमेऱ्यापुढे धरतो, बोटं पुढे काढून, म्हणजे मासा मोठा दिसतो. होडी कुठली, कुणाची, ते क्वचितच कळतं.

मराठीत या पुस्तकाने आणखी एक वळण घेतलं, ते नावामुळे. पु. ल. देशपांड्यांनी १९६५ मध्ये त्याचं भाषांतर केलं, ‘एका कोळियाने’. नाव ऐकताच मागच्या पिढ्यांना शाळेतली कोळ्याची कविता आठवते. घरी आजी-आजोबांना विचारा, ते म्हणून दाखवतील. तो कोळी आठ पायांचा. उंचावर जाळं बांधताना पडतो, पुन्हा चढतो, प्रयत्न सोडत नाही. मच्छीमार आणि जाळं विणणारा किडा यांना एकच शब्द असणं ही मराठीची गंमत, आणि पु. लं.नी ती हेरली. इतकं मराठी, इतकं सहज नाव भाषांतराला क्वचित मिळतं.

पण मला ते नाव जितकं आवडतं तितकंच खटकतं. पहिली गोष्ट, कवितेतला कोळी शेवटी यशस्वी होतो. म्हणून तर ती पाठ्यपुस्तकात होती. ते नाव घेऊन वाचायला बसलेला वाचक, नकळत, प्रयत्नाचं फळ शोधत बसतो. अभ्यासिकेच्या भिंतीकडे जाणारा रस्ता मराठीत या नावापासूनच सुरू होतो असं मला वाटतं. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. सांतियागोकडे जाळं नाही. होतं, ते विकलं. मुलाला ते विकल्याचा दिवस आठवतो. तरीही दोघं रोज संध्याकाळी एक नाटक करतात: मुलगा विचारतो, जाळं घेऊ का, म्हातारा म्हणतो, घे की. पिवळ्या भाताचं आणि मासळीचं भांडंही असंच, नसलेलं. मला या पुस्तकात याहून हलवून टाकणारं काही दिसत नाही, अख्खी मार्लिनची झुंज धरूनही. आणि नेमकं आपण त्याला नाव दिलं ते जाळंवाल्या कोळ्याचं.

जाळं विकलेला माणूस गळावर येतो. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांमध्ये गळ ही अनेकदा कमी भांडवलाची वाट असते. रापणीला गाव लागतं, मोठ्या होडीला खलाशी लागतात, नाखव्याजवळ पैसा लागतो. गळाला एक माणूस पुरतो. म्हणून एकट्याची होडी हे फार वेळा निवडलेलं एकटेपण नसतं, उरलेलं एकटेपण असतं. सांतियागोचंही तसंच आहे. चाळीस दिवस मासा मिळाला नाही तेव्हा मुलाच्या आईबापाने त्याला म्हाताऱ्याच्या होडीतून काढलं आणि दुसऱ्याच्या होडीवर पाठवलं. म्हातारा अपशकुनी ठरला होता. समुद्रात त्याला पुन्हा पुन्हा वाटतं, मुलगा हवा होता. हे तो इतक्या वेळा म्हणतो की ते वाक्य भिंतीवर का नाही असा प्रश्न पडावा.

हे आपल्याकडे याहून स्पष्ट कुणी लिहिलं असेल तर तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी. ‘चेम्मीन’ (म्हणजे कोळंबी) ही त्यांची मल्याळम कादंबरी १९५६ ची, हेमिंग्वेच्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी आलेली. मी ती अनिता नायर यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. बहुतेकांना ती प्रेमकथा म्हणून माहीत आहे: कोळ्याची मुलगी करुतम्मा, मुसलमान व्यापारी परीकुट्टी, रामू करियात यांचा १९६५ चा सिनेमा, सलील चौधरींचं संगीत. पण कादंबरीची पहिली कळ प्रेमाची नाही, होडीची आहे. करुतम्माच्या बापाला, चेंबनकुंजूला, स्वतःची होडी आणि जाळं हवं आहे. त्यासाठी तो परीकुट्टीकडून पैसे घेतो, परीकुट्टी ते मुलीवरच्या प्रेमापोटी देतो, आणि होडी आल्यावर बाप ते फेडत नाही. होडी कुणी बाळगायची यालाही गावात रीत आहे, मुखियाची मर्जी आहे. एका होडीमागे कर्ज, जात, लोभ, लग्न असं सगळं ओढत आणलं आहे. परीकुट्टी बुडतो तो समुद्रात बुडण्याच्या कितीतरी आधी, उधारीत.

करुतम्माचं लग्न होतं पळनीशी. पळनी अनाथ, पण उत्तम दर्यावर्दी. बायकोबद्दल गावात कुजबूज होते. समुद्रावर गेलेल्या कोळ्याचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या पावित्र्यात असतो, अशी तिथली समजूत. मग सोबती त्याला होडीत घेईनासे होतात. इतका चांगला खलाशी, आणि त्याला समुद्रावर एकट्यानेच जावं लागतं. शेवटच्या रात्री तो एकटा आहे, गळाला मोठा शार्क लागला आहे, शार्क होडी ओढतो आहे, आणि भोवरा त्याला गिळतो. हे दृश्य सांतियागोच्या दृश्याशेजारी ठेवा: एकटा माणूस, गळ, माणसापेक्षा मोठा मासा, ओढली जाणारी लहान होडी. पण तकळी आपल्याला क्षणभरही विसरू देत नाहीत की हा माणूस इथे एकटा का आहे. त्याला गावाने होडीतून उतरवलं आहे. हेमिंग्वेने तेच कारण पहिल्या पानावर सांगून टाकलं आणि मग शंभर पानं समुद्र इतका सुंदर लिहिला की ते आपल्या लक्षात राहिलं नाही.

‘चेम्मीन’ निर्दोष आहे असं नाही. बायकोचं शील आणि नवऱ्याचं मरण यांची गाठ कादंबरीच्या शेवटी इतकी घट्ट बसते की त्या समजुतीवर टीका आहे की तिला दुजोरा, असा प्रश्न मला दर वाचनात पडतो, आणि माझं उत्तर दर वेळी बदलतं. पण होडीच्या बाबतीत तकळींची नजर हेमिंग्वेपेक्षा लांबवर जाते. किनाऱ्यावरून सुरू होते, म्हणून.

वेळ नसेल तर अलेक्सांद्र पेत्रोव यांची १९९९ ची अॅनिमेशन फिल्म वीस मिनिटांची आहे. काचेवर बोटांनी रंगवलेली, एकोणतीस हजारांहून जास्त चित्रं. तिला ऑस्कर मिळालं. फोनवर पाहिली तरी थक्क करते. त्यात एका स्वप्नासारख्या भागात म्हातारा आणि मासा बरोबरीने पोहतात, भाऊ असल्यासारखे. फारच देखणं आहे, आणि मला तिथेच ती हातातून निसटते. दोघांच्या मधली होडीच काढून टाकली की मग भावभाव व्हायला काय हरकत?

पुस्तक मात्र होडी काढत नाही. अगदी शेवटी, म्हातारा जागा झाल्यावर विचारतो, मला शोधलं का? मुलगा म्हणतो, हो, तटरक्षकांनी शोधलं, विमानं पाठवली. म्हातारा म्हणतो की समुद्र फार मोठा आणि होडी लहान, ती दिसायला कठीण. आणि मग दोघं बोलू लागतात. माशाचं डोकं पेद्रिकोला द्यायचं, सापळ्यात आमिष म्हणून चिरायला. नवा चांगला भाला हवा, त्याचं पातं जुन्या फोर्ड गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं करू, ग्वानाबाकोआला धार लावून आणू. वारा किती दिवस राहील? तीन दिवस, कदाचित जास्त. तेवढ्यात सगळं तयार ठेवतो, मुलगा म्हणतो, आता मी तुझ्याबरोबर येणार, मला अजून खूप शिकायचं आहे. घरचे काय म्हणतील याची त्याला पर्वा नाही. मग तो जेवण आणि हातांना लावायचं औषध आणायला निघतो, आणि दाराबाहेर पडल्यावर पुन्हा रडू लागतो.